एक पंचमांश

माझ्याकडे दोनशे अकरा आहे.
तीनशेंतलं दोनशे अकरावं. मागच्या झाकणावर कोरलेलं,
भिंगाखाली शेवटच्या एकाचा पाय जरासा घसरलेला.
दोनशे बारा करंजाड्यात आहे, हे मला
जांभळी नाक्यावरच्या परकारचाचांनी सांगितलं,
डोळ्यातलं भिंग न काढता,
जसं एखाद्याला सांगावं, तुझा सख्खा भाऊ
खाडीपलीकडे राहतो, आणि तुला पत्ता नाही?

मी पाकीट घेऊन गेलो. त्यात किती होते
ते इथे लिहीत नाही, माझ्या कविता घरी वाचतात.

हसुराम भोपी. सातवा मजला, लिफ्ट बंद.
त्यानं घड्याळ कपाटातून नाही,
तांदळाच्या डब्यातून काढलं.
"हवा दमट. तांदूल पानी ओढतं."
मी यासाठी तीन हजारांची पेटी वापरतो.

काळी तबकडी.
रेडियमचे आकडे जुन्या तुपासारखे पिवळे,
पट्टा इतका लांब की जाकिटावरून बांधता यावा,
कडेला एक खोल ओरखडा.
"पॉलिश नाय केला," तो म्हणाला,
"ज्याचा ओरखडा, त्याचा."
तिथेच मला कळलं, हा माणूस विकणार नाही.

मोठा काटा बारावर उभा होता.
नवख्यांना वाटतं, बंद आहे.
धावत असतो तो छोटा, नऊच्या अंगाला,
भाताच्या तुसाएवढा,
कुणी पाहो न पाहो.

विमानात कधी बसलायत?
"नाय."
मग वैमानिकाचं घड्याळ कशाला?
तो उठला आणि मला गच्चीवर घेऊन गेला.

"त्यो पांढरा पट्टा दिसतो? त्याच्या अलीकडं माजी पडवी.
मंग हीर. मंग शेत.
मंग बांधावरला भेंडीचा झाड."
मी पाहिलं. डांबर होतं,
आणि डोंगर असायला हवा तिथे
बरंचसं आकाश.

भरपाईतून पोरांनी गाडी घेतली,
सुनेनं पाटल्या, त्यानं हे.
थोरला अजून धड बोलत नाही.

चाचणीचं पहिलं विमान आलं तेव्हा
तो इथेच उभा होता, टाकीला टेकून.
चाकं पडवीवर टेकली, त्यानं वरची कळ दाबली.
भेंडीपाशी पुन्हा दाबली.
चार सेकंद आणि एक पंचमांश.

"आमाला चालत चार मिनटं लागायची.
म्हशीसंगं धा."

नातवाच्या गणिताच्या वहीत मागून सुरुवात करून
त्यानं सगळी विमानं मांडून ठेवलीयत:
तारीख, वारा, सेकंद.
वारा समोरून असला की थोडे जास्त.
एकदा पाच भरले. त्यापुढे काही लिहिलेलं नाही,
फक्त पेनानं दोनदा अधोरेखित.

मग दक्षिणेकडून एक दिवा मोठा होत आला.
"घे, तू दाब," म्हणाला, आणि दोनशे बारा
माझ्या हातात दिलं, गरम, त्याच्या मनगटाइतकं.

आता खरं सांगतो.
माझ्या दोनशे अकराची कळ मी कधीच दाबलेली नाही.
दाबलं की झिजतं, झिजलं की भाव उतरतो.
आठ वर्षं तो काटा बारावर
दारात उभ्या केलेल्या पाहुण्यासारखा.

माझा अंगठा बावचळला.
कळ आत गेली तेव्हा हाताला एक बारीक कट्ट जाणवलं,
काटा सुटला, विमान गेलं,
भेंडी कुठली ते त्याच्या मानेवरून ओळखून
मी थांबवलं.
तीन, आणि वर दोन बारीक रेघा.

त्यानं चष्मा वर करून पाहिलं.
"उशिरा दाबलास," म्हणाला, रागानं नाही.
"तू हिरीपासनं मोजलंस."

खालची कळ दाबून त्यानं काटा बारावर आणला,
घड्याळ तांदळात पुरलं, झाकण लावलं,
आणि मला विचारलं, जेवून जाणार का.

रात्री नौपाड्यात, सगळे झोपल्यावर,
मी पेटी उघडली. दोनशे अकरा. घसरलेला एक.
वरची कळ दाबली.
काटा निघाला, अगदी नवा, तेलात न्हालेला,
एक फेरी, दुसरी, तिसरी.
थांबवायचा कुठे,
तशी जागा मला आठवेना.